मेलेल्या किड्याचा पत्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

कवितेत पतंगाला फार वेळा मरावं लागतं. उर्दूतला परवाना शमेवर झेप घेतो, मराठीतला पतंग समईवर. कवी दोन ओळी लिहून मोकळा होतो. मीही त्याच कुळातला. पण पावसाळ्याच्या तोंडी पहाटे ओटीवरचा दिवा मालवायला जावं, तर दिव्याखाली जे पडलेलं असतं त्याची दखल आम्ही कुणी घेतलेली नाही. राखाडी, तपकिरी, पिवळे पतंग. उताणा पडलेला, पाय आखडलेला एखादा काळा भुंगा. मुंग्यांनी ओढत चालवलेला चतुर. झाडू फिरला की सगळं केरात. या केरातून वेचून, वाळवून, टाचून घरी जपलेल्या किड्यांविषयी मला आज बोलायचं आहे.

माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, तेही मराठी घेऊन. कीटकशास्त्र मी शिकलेलो नाही. जे काही येतं, ते दापोलीला कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाचीमुळे. कृषीच्या मुलांना कीटकांचा संग्रह करून जमा करावा लागतो. ती तो आमच्या ओटीवर बसून करायची आणि "मामू, तेवढा चिमटा द्या" म्हणून मलाही कामाला लावायची. तिची पदवी झाली, ती नोकरीला लागली, चिमटा माझ्या हातात राहिला.

आधी त्या परवान्याचं सांगून टाकतो, कारण आम्हा कवींच्या एका लाडक्या समजुतीला त्यात धक्का बसतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिव्याभोवती उडणाऱ्या किड्यांचं वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण केलं होतं. त्यात दिसलं, की किडे दिव्याकडे झेपावत नाहीत; ते दिव्याकडे पाठ करतात. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा थोडं उजळ असतं. उजेडाकडे पाठ ठेवली, की वर कुठलं आणि खाली कुठलं हे किड्याला कळतं. जवळच्या दिव्यानं ही खूणच बिघडते. मग तो दिव्याभोवती गरगरत राहतो, दमतो, आपटतो, पालीच्या तोंडी जातो. इश्काचा त्यात काही भाग नाही.

तर असे मेलेले किडे रोज मिळतात, आणि म्हणूनच मी किडा मारत नाही. विद्यार्थ्याला आणि संशोधकाला पकडून मारावा लागतो, त्याला कारण असतं. घरच्या छंदाला ते कारण नाही. दिवे, खिडक्यांच्या काचा, धावत्या गाड्या एवढं सगळं करत असताना आपण त्यात भर कशाला घालायची?

मेलेला मिळाला म्हणून प्रत्येक किडा उचलावा, असंही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याच्या याद्यांत पुष्कळ फुलपाखरं आणि इतर काही कीटक आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनं या याद्या नव्यानं मांडल्या गेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू झाल्या. यादीतला प्राणी आपसूक मेलेला सापडला, तरी तो सरकारची मालमत्ता ठरतो. तेव्हा फुलपाखरू ओळखता येत नसेल, तर मोबाइलवर फोटो घ्यावा आणि त्याला तिथंच राहू द्यावं. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीच उचलू नये. काचेच्या फ्रेममधली फुलपाखरं विकायला येतात, ती घेऊ नयेत. ती कुठून आणि कशी आली, हे विकणारा सांगत नाही.

आमच्याकडे कोकणात सुरुवात करायला सगळ्यांत चांगला किडा म्हणजे गेंड्या भुंगा. नारळवाल्यांना तो सांगायला नको. माडाच्या शेंड्यात शिरून हा कोवळा कोंब पोखरतो आणि पुढं झावळी उलगडली, की ती कात्रीनं त्रिकोण कापल्यासारखी दिसते. माडावर चढणारा गडी तारेच्या हुकानं याला ओढून काढतो आणि खाली टाकतो. माडाच्या बुंध्याशी गेलात, की किडा फुकट. अंगानं दणकट, काळाभोर, डोक्यावर गेंड्यासारखं शिंग. नराचं शिंग लांब, मादीचं आखूड, आणि मादीच्या शेपटाकडे तांबूस केसांचा झुबका. नर-मादी ओळखायचा पहिला धडा इथंच होतो. नवशिक्याच्या हातून याचा पाय सहसा मोडत नाही, हा आणखी एक फायदा.

किडा टिकतो कसा, हे समजलं की पुढची सगळी कृती आपोआप समजते. आपला सांगाडा आत आणि मांस बाहेर, किड्याचं उलटं. त्याचं बाहेरचं कवच कायटिन नावाच्या द्रव्याचं असतं आणि ते कुजत नाही म्हटलं तरी चालेल, इतकं टिकाऊ असतं. आतला मऊ भाग हवेत वाळून जातो. म्हणून भुंगा, पतंग, चतुर यांना औषध टोचावं लागत नाही, पेंढा भरावा लागत नाही. नीट वाळवलं की झालं. अपवाद मोठ्या पोटाच्या नाकतोड्याचा. त्याचं पोट खालून चिरून आतडं काढावं लागतं आणि कापसाची वात भरावी लागते, नाहीतर तो काळा पडतो आणि घरभर वास सुटतो. अळ्या, वाळवी, मावा असे मऊ अंगाचे जीव वाळले की सुरकुततात. ते सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये बाटलीत ठेवायचे. कोळीही तसाच ठेवायचा, जरी आठ पायांमुळे तो कीटकांत मोडत नसला तरी.

दिव्याखालचा किडा हाती येतो तेव्हा बहुधा पापडासारखा झालेला असतो. पाय सरळ करायला गेलं की तुटतो. त्याला आधी नरम करायचं. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात तळाला ओली वाळू घालावी, बुरशी धरू नये म्हणून तीत जंतुनाशकाचे दोन-चार थेंब टाकावेत, वर बाटलीचं झाकण उपडं ठेवून त्यावर किडा ठेवावा. पाणी किड्याला लागता कामा नये. डबा बंद करून सावलीत ठेवला, की एका दिवसात पतंग आणि दोन-तीन दिवसांत भुंगा मऊ होतो. चिमट्यानं पाय हलवून पाहायचा. वाकला तर काम सुरू.

टाचणी मात्र शिवणाच्या डबीतली घेऊ नका. ती जाड असते आणि आमच्या हवेत गंजते. पितळी असली, तर किड्याच्या अंगातल्या चरबीनं तिच्यावर हिरवा थर चढतो आणि तो किड्याला फोडतो. कीटकांसाठीच्या टाचण्या स्टीलच्या, बारीक, जवळपास चार सेंटिमीटर लांब असतात. कृषी महाविद्यालयं असलेल्या गावांत शास्त्रीय उपकरणांच्या दुकानांत त्या मागितल्या, की मिळतात. दोन आणि तीन नंबरच्या बहुतेक किड्यांना चालतात. गेंड्या भुंग्याला जाड नंबर लागतो.

ही टाचणी वाटेल तिथं खुपसायची नसते. भुंग्याला ती उजव्या पंखकवचात, वरच्या बाजूला. नाकतोड्याला मानेमागच्या ढालीत, मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे. माशी आणि मधमाशी यांनाही छातीवर उजवीकडेच. पतंग, फुलपाखरू आणि चतुर यांना छातीच्या बरोबर मध्ये. उजवीकडे का, तर किड्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. एका बाजूला भोक पडलं तरी दुसरी बाजू पाहणाऱ्यासाठी अखंड राहते. सगळ्या जगात उजवीच बाजू वापरायचा रिवाज आहे. किड्याच्या वर टाचणीचा सुमारे एक सेंटिमीटर मोकळा सोडायचा, बोटांनी धरायला. मुंगीएवढ्या किड्यांना टाचणी लावत नाहीत. जाड कागदाचा निमुळता त्रिकोण कापून त्याच्या टोकावर गोंदाच्या टिंबानं किडा चिकटवायचा आणि टाचणी कागदाला लावायची.

पतंगाच्या पंखांना बोट लावायचं नाही. बोटाला जी भुकटी लागते ते खवले असतात, आणि रंग त्यांचाच असतो. दोन फळ्यांमध्ये अंगापुरती खाच ठेवून पतंग खाचेत बसवावा, पंख टाचणीच्या टोकानं हळूहळू पुढं सरकवावेत आणि गुळगुळीत कागदाच्या पट्ट्यांनी दाबून ठेवावेत. पुढच्या पंखाची मागची कड अंगाशी काटकोनात आली, की पंख बरोबर उघडले असं समजायचं. उन्हाळ्यात आठवडाभरात वाळतो, श्रावणात तीन-तीन आठवडे लागतात. लगेच वेळ नसेल, तर पंख मिटलेल्या पतंगाची कागदाच्या त्रिकोणी पुडीत सोय करावी, शेंगदाणेवाला बांधतो तशी. या पुरवणीचं पान त्याला उत्तम. मात्र पुडीवर तारीख आणि ठिकाण तेव्हाच लिहायचं.

इथं मी मुद्द्यावर आलो. एवढं सगळं करून टाचलेला किडा चिठ्ठीशिवाय असेल, तर तो भिंतीवरच्या शोभेच्या वस्तूपलीकडे जात नाही. चिठ्ठी छोटीच, नखाहून थोडी मोठी. तिच्यावर जिल्हा, तालुका, गाव, मग तारीख, मग किडा कसा मिळाला, म्हणजे दिव्याखाली, माडाच्या शेंड्यात, विहिरीच्या पाण्यावर, शेवटी उचलणाऱ्याचं नाव. महिना आकड्यात लिहू नये. पाच-सहा म्हणजे पाच जून की सहा मे, हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार? शास्त्रज्ञ महिना रोमन आकड्यांत लिहितात, आपण अक्षरांत लिहू. हल्ली मोबाइल अक्षांश-रेखांशही देतो, तेही घालावेत. शाई पाण्यानं न फुटणारी, नाहीतर सरळ पेन्सिल, बॉलपेन उडतं. चिठ्ठी त्याच टाचणीत, किड्याच्या खाली ओवायची. बाटलीतल्या जीवाची चिठ्ठी बाटलीच्या आत घालायची, तिथं पेन्सिलच हवी.

किड्याच्या नावाची चिठ्ठी वेगळी आणि तिच्या खाली. नाव आलं नाही तरी काही बिघडत नाही. नाव पुढं कुणी जाणकार घालील; चुकलेलं असेल तर बदलील. पण तो किडा १२ जूनला आंजर्ल्यात पडला होता, हे तुमच्याखेरीज कुणालाच ठाऊक नसतं.

आमच्या भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे एक गुरुजी होते. तीस वर्षं त्यांनी किडे जमवले आणि निवृत्त होताना सगळ्या पेट्या शाळेला देऊन टाकल्या. ते गेले. त्यानंतर काही वर्षांनी शाळेला कपाट रिकामं हवं होतं, म्हणून कुणीतरी मला निरोप दिला. मी गेलो तेव्हा पेट्यांची कुलुपं गंजलेली होती. आत टाचण्या ओळीनं उभ्या होत्या आणि प्रत्येक टाचणीच्या पायाशी तपकिरी पिठाची चिमूटभर रास. किडे संपले होते. चिठ्ठ्या मात्र शाबूत होत्या, गुरुजींच्या बारीक, सरळ अक्षरातल्या. "हर्णै, बत्तीखाली." "केळशी, शेणखताचा खड्डा." एका चिठ्ठीवर "काजवा, बंदररस्ता, जून १९७४." त्या रस्त्यावर आता उंच खांबावरचे दिवे आहेत, आणि काजवा काही तिथं माझ्या दृष्टीस पडलेला नाही. कपाट रिकामं करणाऱ्यांना त्या पिठाचं काही वाटलं नाही. मला आजही वाटतं. मी चिठ्ठ्या घरी आणल्या आणि वहीत उतरवून काढल्या. पण काजवे अनेक जातींचे असतात, आणि तो कुठल्या जातीचा होता हे चिठ्ठीवरून कळत नाही. ते त्या पिठात गेलं.

अंग आणि चिठ्ठी दोन्ही टिकलं की काय होतं, याचं उदाहरण सांगतो. टोळधाड आपल्याला नवी नाही. मे २०२० मध्ये ती अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांपर्यंत आली होती. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रॉकी पर्वताकडच्या टोळांच्या अशाच धाडी यायच्या. १८७५ सालची धाड तर आकाश झाकणारी होती. मग तो टोळ कमी होत गेला, आणि त्याचे शेवटचे जिवंत नमुने १९०२ साली कॅनडात मिळाले. त्यानंतर एकही नाही. आज तो टोळ पाहायचा, तर संग्रहालयातल्या टाचण्यांवर, नाहीतर डोंगरातल्या हिमनद्यांच्या बर्फात गोठलेला. तो कुठं आणि कधी होता, हे त्या टाचण्यांवरच्या चिठ्ठ्या सांगतात. पीक वाचवायला धडपडणाऱ्या त्या काळच्या माणसाला सांगितलं असतं, की हा किडा एक दिवस जपून ठेवावा लागेल, तर तो हसला असता.

किती टिकतो म्हणाल, तर वनस्पती आणि प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या स्वीडनच्या लिनियसचे तीन हजारांहून अधिक किडे लंडनच्या लिनियन सोसायटीत आहेत. लिनियस १७७८ साली वारला. त्याच्या पेट्या टिकल्या, गुरुजींच्या टिकल्या नाहीत. फरक कौशल्याचा नव्हता. वारसांनी कपाट वेळोवेळी उघडलं, एवढाच होता.

मेलेल्या किड्याचा खरा वैरी जिवंत किडाच असतो. अँथ्रेनस नावाचा तिळाएवढा, ठिपक्यांचा गोल भुंगेरा पेटीच्या फटीतून शिरून अंडी घालतो. त्याची केसाळ अळी किड्याला आतून खात जाते. वरून सगळं ठीक दिसतं, आणि एक दिवस पेटी हलवली की तो कोसळतो. किड्याखाली बारीक पूड दिसली, की समजायचं पाहुणा आला आहे. त्यावर सगळ्यांत चांगला उपाय घरच्या फ्रीजरमध्ये आहे. पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे अठरा अंशांत दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पेटी खोलीच्या उबेला येईपर्यंत थांबायचं, नाहीतर दहिवर धरतं. नवा किडा पेटीत घालण्याआधीही त्याला ही थंडी दाखवावी. आमच्या फ्रीजरमध्ये सुरमई आणि बांगडा असतो, त्यामुळे घरच्या मंडळींशी आधी तह करावा लागतो. आमच्या तहातलं कलम असं, की वरचा कप्पा माशांचा, खालचा माझा, आणि डब्यावर ठळक नाव.

डांबरगोळ्यांचा रिवाज जुना आहे. टाचणीचं डोकं तापवून गोळीत रुतवायचं आणि ती टाचणी पेटीच्या कोपऱ्यात लावायची. पण गोळीनं किडे दूर राहतात. आत शिरलेली अळी मरेलच असं नाही. शिवाय नॅप्थॅलिनची वाफ चांगली नव्हे. माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांत त्याची गणना होते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं; त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेनं फुटू शकतात. घरात लहान मूल असेल, तर डांबरगोळी आणूच नका. आणि गोळी घालायचीच असेल, तर तळाला थर्मोकोल नको, तो या वाफेनं विरघळतो. टीव्हीच्या पॅकिंगमध्ये येतो तो पांढरा, लवचिक फोम बरा. टाचणी त्यात सहज जाते आणि घट्ट राहते.

दुसरा वैरी ओल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या प्रदेशात चपलांना बुरशी येते, तिथं पतंगाची काय कथा. पेटीचं झाकण घट्ट हवं, आत सिलिका जेलची पुडी हवी. तिचे निळे खडे ओल धरल्यावर गुलाबी होतात. पण त्यांत कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून हिरवे होणारे नारिंगी खडे घ्यावेत. ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात, स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र नव्हे. पेटी बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नये आणि उजेडात मांडू नये. रंगद्रव्याचे रंग उजेडानं उडतात. सोनकिड्याचा हिरवा रंग तेवढा उडत नाही, कारण तो रंगद्रव्याचा नसतोच. कवचाच्या अतिसूक्ष्म थरांवरून उजेड परतताना तो दिसतो. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झननं घातलेल्या पोशाखावर अशी पंखकवचं टाकलेली आहेत आणि ती अजून चमकतात. आमच्या लहानपणी बाभळीचा पाला घालून सोनकिडे काडेपेटीत ठेवायचे. त्या काडेपेट्यांवर कुणी तारीख लिहिली नाही.

संग्रह वाढला, की तो पुढं कुणाकडे जाणार याचा विचार आपण धडधाकट असतानाच करावा. जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात विचारावं. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे, मुंबईत १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. सगळ्यांना सगळं हवं असतं असं नाही, म्हणून आधी पत्र टाकावं, यादी पाठवावी. चिठ्ठ्या असतील तर उत्तर येण्याची शक्यता पुष्कळ.

पेटी न्यायची असेल, तर दुसऱ्या मोठ्या खोक्यात, चारी बाजूंनी फोम किंवा कागदाचे बोळे घालून. एसटीच्या डिकीत टाकू नये. तिकीट काढून मांडीवर घेऊन बसावं, आणि घाटात दोन्ही हातांनी धरावं.